गोधडीत शिजलेलं चाउडर

सोनीबाई स्वयंपाकाचं भांडं सारखं उघडून बघत नाहीत. डोळे मिटतात, कान झाकणाजवळ नेतात आणि म्हणतात, "अजून येळ हाय."

त्या घाटमाथ्यावरच्या आहुप्याच्या. तिथल्या देवराईतली पडलेली काडीसुद्धा कुणी घरी आणत नाही. सरपण लांबून डोक्यावर आणायचं, म्हणून जपून जाळायचं. बरंचसं निखाऱ्यांवर, सावकाश. गेल्या महिन्यात त्यांच्या मालकांना, गेणभाऊंना, निमोनिया झाला आणि दोघं मंचरला मुलाकडे आली. मुलगा गोकुळ आमच्याच वरच्या खोल्यांत भाड्यानं राहतो. ताप उतरला, पण गेणभाऊंची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास, की ताट बाजूला. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाटीभर नीट जेवायला लागले की गावी न्या, तोवर नाही. नाचणी झोडायची तशीच पडलेली. गेणभाऊ दिवसभर खिडकीशी बसून पश्चिमेकडे बघत राहायचे.

मी म्हटलं, चाउडर, म्हणजे दुधातलं दाटसर सूप, करून बघू. नणंदेनं दिलेला विजेवरचा स्लो कुकर होताच. मक्याचे दाणे, बटाट्याच्या फोडी, कांदा, लसूण, लोण्याचा गोळा, मिरपूड, फोडी बुडतील इतकं पाणी. दूध शेवटी.

"चमचाभर नाचणीचं पीठ कालवू का, ताई? ह्यास्नी वळखीचं लागंल," म्हणत सोनीबाईंनी ते कालवलंही.

सकाळी आठला बटण लावलं. सोनीबाईंनी झाकणाशी कान नेला. "ह्ये तर मुकं हाय!"

"शिजतंय आतल्या आत. सात तास लागतील."

"मग आमच्यावानीच की."

आम्ही दोघी तिथंच लसूण सोलत बसलो. काचेच्या झाकणावर धुकं धरलं, थेंब झाले, ओघळले, पुन्हा धुकं. त्यामागं मक्याचे दाणे दूरच्या दिव्यांसारखे पिवळे दिसत होते. हायवेवरच्या कांद्याच्या गाड्यांची घरघर येत होती. सोनीबाई म्हणाल्या, "कड्यावर वारं असंच घुमतं." मग त्या आवाजात मलाही गाड्या ऐकू येईनात.

एकच्या सुमाराला मी दळण आणायला गेले. गिरणीत गर्दी. परतले तर तीन वाजत आलेले. ओट्यावर कुकर नाही, भिंतीवरचं बटण बंद. कोपऱ्यात गोधडीचं एक गाठोडं.

"सोनीबाई, बंद कुणी केलं?"

"म्याच. ह्यास्नी गोळी द्याया वर जायचं व्हतं. इस्तू पेटता टाकून उंबऱ्याभाईर कोन जातं? झाकून ठिवला."

बटाटा कच्चा राहिला असणार, आणि गेणभाऊंचा आणखी एक दिवस वाया. मी गाठ सोडायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला. आपण वाकल्या, गोधडीशी कान नेला. कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, "आता काढा."

झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली. फोड डावाला लागताच विरघळली. मी कोमट दूध ओतलं, त्यांनी ढवळलं, एकदाच.

वर खिडकीशी बसलेल्या गेणभाऊंनी वाटीत डोकावून बघितलं. "ह्ये काय? खीर म्हनावी तर गोड न्हाई, कढी म्हनावी तर आंबट न्हाई."

"खावा मुकाट. चिमनीएवढं खाताय."

"तुजा आवाज ऐकला की भूक पळती."

"मग कान झाका आन् त्वांड उघडा!"

पहिला चमचा ते तोंडात बराच वेळ घोळवत राहिले. "नाचनी हाय," म्हणाले. दुसरा घेतला. तिसरा. मी उगाच खिडकीचा पडदा सारखा करत होते. मागं चमचा वाजत राहिला, आणि मग वाटीच्या बुडाला बोट फिरल्याचा आवाज.

"वाईस अजून हाय का गं?"

सोनीबाईंनी गेणभाऊंची वाटी पुन्हा भरली. त्यांच्यामागं जाऊन बसल्या, डोळे मिटले आणि त्यांच्या पाठीला कान लावला.

"गोकुळला फोन करा, ताई," डोळे न उघडताच म्हणाल्या. "म्हनावं, डाक्टरला इचार, आन् आहुप्याची येस्टी किती वाजता हाय त्ये बी."