लुडगर क्रिंग्सची गंभीर मैफल

आमच्या लुडगरकडे बघून कोणी म्हणणार नाही की हा पियानोवर जॅझ वाजवतो. बँकेतला कारकून वाटतो मेला. लहानपणी चर्चमध्ये ऑर्गन शिकायला घातला, तिथून घरी येऊन अमेरिकन सैनिकांच्या रेडिओवर जॅझ ऐकायला लागला, आणि बिघडला तो बिघडलाच. स्वतःच्या रचनाही करतो. त्या ऐकायला अख्ख्या कोलोन शहरातून बोटांवर मोजण्याइतकी माणसं येतात, त्यातली निम्मी माझ्या माहेरची.

पोट भरतं ते कार्निव्हलच्या हास्यजलशांवर. हिवाळाभर कागदी टोपी घालून बाजावाल्यांत बसायचं. लाकडी पिंपात उभा राहिलेला वक्ता विनोद मारतो, तो संपला रे संपला की टुश वाजवायची: ताडा, ताडा, ताडा! टुशशिवाय आमच्याकडे विनोद पुरा होत नाही. लुडगरची बोटं झोपेतसुद्धा ती वाजवतात, माझ्या पाठीवर.

माझे सासरे मॅथेस म्हणजे पिंपातले जुने खेळाडू. पण तरुणपणी लुडगर त्यांना तोंडावर म्हणाला होता, "बाबा, तुमच्या पाचकळ विनोदांना मी वाजवणार नाही." दुनियेला टुश देईल, बापाला नाही! मग म्हातारबुवाही हट्टाला पेटले. पोराची एक मैफल ऐकली असेल तर शपथ.

यंदा लुडगरनं नवी रचना केली, नाव ठेवलं 'बाबांसाठी'. मला म्हणाला, "येतील का गं ते? शेवटपर्यंत बसले तरी पुरे, मला बाकी काही नको." मी सासऱ्यांच्या मागे हात धुऊन लागले आणि त्यांना आणून पहिल्या रांगेत बसवलं.

त्या रचनेत मध्येच एक लांबलचक शांतता होती. लुडगर डोळे मिटून बसला. म्हातारबुवा चुळबुळले आणि उठलेच. मी त्यांचा कोट ओढला.

"सोड, सूनबाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "वाजवणाराच झोपला, मी कशाला जागू?"

ताडा, ताडा, ताडा!

बोटांनी घात केला हो! लोक हसून हसून लोटपोट. लुडगर लालबुंद झाला, पियानोचं झाकण लावून उठला. मी म्हटलं, संपलं सगळं.

म्हातारबुवा दारापर्यंत पोचले होते. तिथूनच वळून ओरडले, "कुठं निघालास? बस खाली!" आवाज चिरकत होता. "जन्मात आज पहिल्यांदा माझं ऐकलंस, गाढवा. आता मला तुझं ऐकू दे."

ते परत येऊन बसले. लुडगरनं पुन्हा वाजवायला घेतलं. सूर चुकत होते, आणि मी ढसाढसा रडत होते. त्या रचनेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हातारबुवांना तर त्याहून कमी. पण शेवटचा सूर विरेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.