सोन्याने मढवलेला रिसीव्हर आणि नानांचा डोळा

नानांचा उजवा डोळा त्यांच्या वडिलांनी घालवला. हौसेपायी.

आज सकाळी नाना गेले. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. शंभरीला टेकले होते. फॅमिली ग्रुपवर सगळे 'थोर घराणं, थोर संस्कार' लिहितायत.

लिहा. मी झालं ते लिहितो.

संस्थानी काळ. घर ग्वाल्हेरात, टोपी बाजारामागे, पुरुष सगळे संस्थानच्या फौजेत. पणजोबांना, म्हणजे आबासाहेबांना, कुणा साहेबाकडून शिकारीची विलायती बोल्ट-ॲक्शन रायफल मिळालेली. अख्ख्या शहरात तशी दुसरी नव्हती.

तिचा रिसीव्हर फौजी रायफलीपेक्षा बोटभर लांब. रिसीव्हर म्हणजे नळीमागचा पोलादी भाग. त्यात बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून कोंडणारा दांडा, सरकतो आणि गोळी सुटताना मागे येणारा सगळा दणका तोच झेलतो.

मी मेकॅनिकलवाला, म्हणून सांगतो. त्याची ताकद नुसत्या जाडीत नव्हती. वर पातळ कडक थर, आत चिवट पोलाद. कारखान्यात एकदा जमवलेलं हे गणित पुन्हा तापवलं की संपतं.

आबासाहेबांनी तापवलं.

दसऱ्याला शस्त्रपूजेत तलवारींवर सोन्याची वेलबुट्टी असायची. मग रायफलच बोडकी कशी ठेवायची? कारागीर बोलावून रिसीव्हरवर सोन्याची तार ठोकून घेतली. तार पक्की बसायला भट्टी लागतेच.

लांबी तीच, जाडी तीच, वर सोनं. फक्त पोलाद मऊ झालं.

पाहुण्यांनी वाहवा केली. आबासाहेब फुगले.

मग शिकारीत बोल्ट अडकायला लागला. बोल्टला धरून ठेवणारे दोन कान गोळीगणिक मऊ पोलादात रुतत होते. काडतुसामागची फट वाढत होती. आबासाहेबांनी ती रायफल खांद्याला लावणं गुपचूप बंद केलं.

पुढच्या दसऱ्याला पूजेनंतर बार काढायचा होता. दिली नानांच्या हातात. नाना विशीचे. मुरारच्या छावणीत रुजू व्हायचे होते, वर्दी शिवून तयार होती.

"आबासाहेब, बोल्ट अटकतो आहे."

"डरतोस? फौजेत काय लाडू वळणार आहेस?"

नानांनी घोडा दाबला. काडतूस फाटलं, पेटता गॅस मागे आला, रिसीव्हरची कड उडून डोळ्यात गेली.

आबासाहेब धावले. रायफलीकडे.

"सोनं उखडलं का बघा रे!"

वर्दी ऑल्टर करून माझ्या आजोबांना घातली. पुढच्या वर्षी ती फुटकी रायफल चांगली बाजू वर करून पाटावर मांडली, आणि नानांना बाहेर बसवलं. अंगात व्यंग असलेल्याने शस्त्रपूजेला बसू नये म्हणे.

नाना दरवर्षी बाहेर बसले. आबासाहेब जाईपर्यंत.

परवा हॉस्पिटलमध्ये मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, आबासाहेबांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्यांनी आजोबांना बजावलं होतं, त्या रायफलला हात लावायचा नाही. आजोबाच सांगून गेलेत मला."

नाना छताकडे बघत होते.

"पता है. मी दाराशीच उभा होतो तेव्हा."

"मग चालवलीत कशाला?"

नानांनी उरलेला डोळा मिटून घेतला.

"वाटलं होतं, मला देताना त्यांचा हात थांबेल."

नाना, श्रद्धांजली तुम्हाला. तुमच्या बापाला नाही.