धोंडूनानांचा गूळ

रिहे गावचे धोंडूनाना बंडीच्या खिशात कायम गुळाचा खडा बाळगायचे. पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला गोडाची खोड आहे. पण तो खडा नानांनी स्वतःच्या तोंडात कधी टाकला नाही. गावात दोघांचं फाटलं की नाना त्यांना भैरवनाथाच्या देवळापुढच्या लिंबाखाली समोरासमोर बसवायचे. मनातलं सगळं ओकू द्यायचे. मग खडा फोडून अर्धा अर्धा दोघांच्या हातात ठेवायचे. ह्यानं त्याला भरवायचा, त्यानं ह्याला. "आपला गूळ आपुन खायाचा न्हाई," नाना म्हणायचे, "समोरच्याच्या हातनं ग्वाड लागतोय का ते बगायचं." एकदा तो गूळ खाल्ला की मागचं उकरून काढायचं नाही, हा गावचा रिवाज. जमिनींना भाव आले तशी भावाभावांतली भांडणं वाढली आणि नानांचं कामही. कोर्टाची पायरी चढलेली माणसं ती उतरून लिंबाखाली आलेली मी पाहिली आहेत.

मी गावच्या शाळेत मास्तर, नानांच्या शेजारीच राहतो. नानांकडे टीव्ही होता आणि सगळं बिघडलं ते त्या टीव्हीपायी.

रात्री उशिरा एक विनोदी कार्यक्रम लागायचा. सकाळी तो पुन्हा दाखवत, तेव्हा नाना चहा-बटर खात बघायचे. विनोदी म्हणजे काय, तर कुणाला तरी फसवायचं, तो रडकुंडीला आला की लपवलेला कॅमेरा दाखवायचा आणि आधीच भरून ठेवलेलं हसू वाजवायचं. बऱ्याचदा फसणाऱ्यालाही सगळं अगोदर सांगितलेलं असायचं, म्हणजे रडूही भाड्याचं. सुहास आणि अभय हे त्यातले दोन बडे नट. जवळचे विनोद संपले तेव्हा त्यांनी भांडण काढलं. एकमेकांच्या आईचा उद्धार, माइक फेकणं, तणतणत उठून जाणं. रोज नवा तमाशा. सुहासचं फार्महाउस आमच्याच शिवारात. तिथल्या पोहायच्या हौदात हे दोघे वैरी गळ्यात गळा घालून डुंबताना मी या डोळ्यांनी पाहिले होते.

नानांना ते सांगितलं. म्हटलं, "नाना, खोटं असतं हो ते. पैशासाठी करतात."

"आईवरनं बोलला त्यो, मास्तर. पैशापायी कुनी आईवरनं बोलतंय व्हय?"

याला उत्तर होतं, पण ते नानांच्या तोंडावर द्यायची मलाच लाज वाटली. नाना टोपी सारखी करून फार्महाउसवर निघाले. एकटे कसे जाऊ द्यायचे, म्हणून मीही गेलो. सुहासनं सगळं ऐकून घेतलं आणि वाकून नानांचे पाय धरले. "नाना, तुम्ही माझे डोळे उघडलेत!" पाय धरता धरता त्यानं मान वळवून आपल्या माणसाला डोळा घातला. नानांना दिसलं नाही. मला दिसलं, वाटेत मी ते सांगितलंही. नाना म्हणाले, "मास्तर, तुमाला पोरांच्या चुका काडायची सवंच लागलीया."

रविवारी सुहास आणि अभय लिंबाखाली बसले. निम्मं गाव जमलं होतं. अनसामावशी सर्वांत पुढे, कारण त्यांच्यानंतर तिच्या लेकांची पाळी होती. बांधावरून मारुती आणि सोपान यांचं बिनसलं होतं. अंगणात तारेचं कुंपण पडलं होतं आणि थोरल्याकडे राहणाऱ्या म्हातारीला धाकट्याच्या घरचा घोटभर चहा मिळेनासा झाला होता. नानांनी मोठ्या मुश्किलीनं दोघांना राजी केलं होतं.

नटांनी गूळ भरवला. गळ्यात पडून रडले. नानांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि तेवढ्यात लिंबाच्या फांदीवरून कॅमेरावाला खाली उडी मारून ओरडला, "नाना, तुमचा पोपट झाला!" कुणीतरी भोंगा वाजवला. सुहास-अभय पोट धरून हसायला लागले.

नाना तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गूळ गिळला का?"

"गिळला की नाना! मस्त होता. ऑरगॅनिक आहे का?"

"मंग आता मागं फिरता येत न्हाई."

टीव्हीवर ते वाक्य भोंगा लावून पुन्हा पुन्हा दाखवलं. महाराष्ट्र हसला म्हणे. हसणाऱ्या महाराष्ट्राला मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, शाळेत पोरं वाचतील.

पुढच्या रविवारी मारुती आणि सोपान बसले. नानांनी खिशात हात घातला. सोपाननं वर लिंबाकडे पाहिलं. "नाना, आज क्यामेरा कुटं लपिवलाय?" लोक फिस्सकन हसले. मारुती धोतर झटकून उठला. अनसामावशी तशीच बसून राहिली. त्यानंतर लिंबाखाली कुणी आलं नाही. नाना मला म्हणाले, "मास्तर, गूळ खोटा न्हवता वो. खानारी त्वांडं खोटी निगाली."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. अभयनं आतून सूत्रं हलवून सुहासला कार्यक्रमातून उडवलं. या वेळी भांडण अस्सल होतं. दाढीचे खुंट वाढवून सुहास नानांच्या ओट्यावर आला. "नाना, या वेळी खरंच फाटलंय. पण कुणाचा विश्वासच बसत नाही. मी रडलो तर लोक टाळ्या वाजवतात."

"मंग आदी सोपानच्या दारात जा," नाना म्हणाले. "त्याला म्हन, खोटा मी व्हतो, म्हातारा न्हाई."

सुहास गेला, हे कबूल करायला हवं. हात जोडून अगदी तसंच बोलला. सोपाननं त्याची कॉलर उलटी करून माइक शोधला, गव्हाणीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "दिवाळीच्या भागाला माल कमी पडला व्हय?"

सुहास परत आला. नानांनी खिशातला खडा न फोडता त्याच्या हातावर ठेवला.

"घे. एकट्यानंच खा."

त्यानं तो ओट्यावर बसून खाल्ला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

चैत्रात नाना गेले. वाहिनीनं श्रद्धांजली म्हणून त्यांची तीच चित्रफीत दाखवली. नानांच्या फोटोला हार होता, मागे सनई होती आणि चित्रफितीतलं भरलेलं हसू तसंच वाजत होतं. ते काढून टाकावं असं त्या दीडशहाण्यांतल्या एकालाही सुचलं नाही.

तेराव्याची पंगत देवळापुढे बसली. मारुती एका टोकाला, सोपान दुसऱ्या. मी वाढत होतो. अनसामावशीनं माझ्या हातातल्या वाढायच्या ताटातला गुळाचा खडा उचलला, मारुतीच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "जा, दे त्येला. आता सांगाया कोन ऱ्हायलं न्हाई."

मारुती उठला. पंगतीचे हात थांबले. चालत जाऊन तो धाकट्यापुढे बसला आणि खडा त्याच्या तोंडाजवळ नेला. सोपाननं वर पाहिलं. लिंबाची एकेक फांदी नीट न्याहाळली.

मग त्यानं तोंड उघडलं.