बाईंचे डावे पान

डॉ. ॲग्नेस परेरा यांची आणि माझी पहिली भेट पीएच.डी.च्या मुलाखतीच्या खोलीत झाली. मी एम.एस्सी.चे प्रमाणपत्र पुढे केले. त्यांनी ते बाजूला सारून माझी प्रयोगवही मागितली. पाने उलटत विचारले, "डावी पानं कोरी का?"

"तिथे आकृत्या काढतात, मॅडम."

"आकृत्या काढ कुठेही. तिथे लिहायचं, उजवीकडचं सगळं खोटं असेल तर ते कशामुळे असेल. आणि मला बाई म्हण."

मुलुंडला घरी परतताना वाटले, आपली काही निवड होत नाही. ती झाली कशी, हे मला अजून कळलेले नाही.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या सर्वच वाचकांना त्यांचा विषय ठाऊक असेल असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या जनुकातला मजकूर सलग नसतो, खंडाखंडांत असतो. पेशी त्याची नक्कल काढते, खंड जोडून निरोप तयार करते आणि त्यावरून प्रथिन बनवते. जोडताना कधी एखादा खंड गाळते. मग त्याच जनुकापासून वेगळे प्रथिन बनू शकते. असे बदललेले निरोप ढिगाने सापडतात. पण त्यांवरून खरोखर प्रथिन बनते का, हा बाईंचा प्रश्न. "यादी लिहिली म्हणजे बाजार घरात आला का रे?" असे त्या विचारत.

उंदराच्या मेंदूतल्या एका प्रथिनाचा आखूड प्रकार शोधण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. अखेर खंड गाळून जिथे सांधा जुळतो, नेमका तिथला प्रथिनाचा छोटासा तुकडा यंत्राने टिपला. निबंध छापून आला, बाईंचे नाव झाले. माझा प्रबंध त्याच पायावर उभा होता.

चौथ्या वर्षी, बाईंच्याच शिस्तीने डावे पान भरत असताना माझ्या पायाखालची जमीन सरकली. यंत्र प्रथिनाचे तुकडे वजनावरून ओळखते. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन या दोन घटकांचे वजन अगदी सारखे. बाईंच्या तुकड्यात एकाच्या जागी दुसरे घालून पाहिले, तर तो जसाच्या तसा भलत्याच एका प्रथिनात सापडला, आणि ते प्रथिन मेंदूत भरपूर असते. आखूड प्रकाराचा पुरावाच उरला नाही. बाईंचे नाव आणि माझी चार वर्षे, दोन्हींची वाट लागली होती.

मला अन्न गोड लागेना. रविवारी मरोळ गावठाणातल्या त्यांच्या घरी गेलो. बाई नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. ओसरीवर उभ्यानेच त्यांनी माझे पान दोनदा वाचले.

"केव्हा कळलं?"

"गुरुवारी, बाई."

"मग तीन दिवस कशाला घालवलेस?"

रागावल्या त्या एवढ्यावरच. मग आत जाऊन जुनी वही घेऊन आल्या. तुकडा सापडला त्या दिवसाचे उजवे पान बारीक अक्षरांनी भरलेले होते. डावे कोरे होते. अख्ख्या वहीत तेवढे एकच.

"फार आनंद झाला होता रे त्या दिवशी," बाई म्हणाल्या. "लिहायचं राहून गेलं."

मला रडू आले, त्यांना नाही. त्यांनी पेन घेतले आणि त्या रविवारची तारीख घालून माझा आक्षेप माझ्या नावासकट त्या कोऱ्या पानावर उतरवला. मला कोळंबीचे कालवण वाढले. दुपारी निबंध मागे घेण्याचे पत्र लिहिले. चूक माझी, ती शोधली विद्यार्थ्याने, एवढेच त्यात होते. इतके मोठे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

संस्थेत कुजबुज झाली की शिष्यानेच नाक कापले. घरी आईने हाय खाल्ली होती, आता पोरगा डॉक्टर होत नाही म्हणून. बुद्धपौर्णिमेला बाई स्वतः आमच्या घरी आल्या. खिरीची वाटी हातात घेऊन आईला म्हणाल्या, "ताई, माझी चूक माझ्या तोंडावर सांगायची हिंमत तुमच्या पोराने केली. त्याला डॉक्टर नाही करायचं, तर कोणाला करायचं?" आईने त्यांची वाटी पुन्हा भरली.

पुढची दोन वर्षे आम्ही तो आखूड प्रकार नव्याने शोधत होतो. प्रथिन वेगळ्या ठिकाणी कापले, सांध्यावरचा दुसरा तुकडा निवडला, ओळख पटवायला तसाच तुकडा कृत्रिम रीतीने बनवून घेतला. सापडला नाही. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष तोच आहे, आणि परीक्षकांसमोर बाई त्याच्या बाजूने माझ्यापेक्षा जोरात भांडल्या.

निवृत्तीनंतरही दर मंगळवारी त्या प्रयोगशाळेत येतात, नव्या यंत्राचे आलेख डोळ्यांजवळ धरून बघतात आणि मान हलवतात. माझ्या विद्यार्थ्यांची डावी पाने आता त्याच तपासतात. पोरे चळाचळा कापतात.

बाई, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. हे मी माझ्या स्वार्थासाठी मागतो आहे. तो आखूड प्रकार एके दिवशी सापडेल, असे मला अजूनही वाटते. त्या दिवशी मला फार आनंद होईल. डावे पान लिहायचे राहून जाऊ नये, म्हणून तुम्ही शेजारी हव्यात.