भागीरथाबाईंच्या हातावरचं तेल

भागीरथाबाईंचा तोरा बघायचा तर कळमन्याच्या बाजारातल्या मिरचीच्या आवारात जावं. तीस वर्षं त्या तिथे लाल मिरचीचे देठ खुडतात. नवी बाई हात चोळत रडायला लागली की त्या बोटं नाचवून सांगायच्या, "माया हाताले मिरची जळतच नाही!"

लेक प्रणाली औषधशास्त्रात पीएचडी करत होती. आईच्या या बढाईवरच तिने प्रबंधाचा विषय बेतला. मिरचीतलं कॅप्सेसिन नसांच्या टोकांतली न्यूरोपेप्टाइडं, म्हणजे आगीचा निरोप नेणारी रसायनं, भसकन बाहेर काढतं. रोज तेच झालं की साठा रिता होतो. मग ना जळजळ, ना लाली. घाम आणि छातीची धडधड चालवणाऱ्या सिंपथेटिक नसांच्या गाठींतही हा साठा घटतो, असं उंदरांवर दिसलं होतं. माणसाच्या हातावर काय होतं, ते तिला बघायचं होतं.

बाईंनी अकरा मैत्रिणी गोळा केल्या. कॉलेजात बाराही जणींच्या हाताच्या पाठीवर मिरचीचं मलम लागलं. एकीलाही जळलं नाही! मार्गदर्शक चारुशीला मॅडम खूश, प्रणालीचे डोळे भरलेले.

तेवढ्यात बाईंचं लक्ष शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या, अस्मिताच्या हाताकडे गेलं. तो चकाकत होता. कामावर निघताना हातांना जवसाचं तेल चोपडायचं, ही साऱ्यांचीच सवय. आजही बारा जणी चोपडूनच आल्या होत्या. मलम तेलातच विरलं असणार. बोलावं तर लेकीची मेहनत पाण्यात. पण पोटात ठेवणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं.

"प्रणाली, हे लिहू नको वं. आमी साऱ्या तेल लावून आलो."

प्रणालीचा चेहरा उतरला. तिने वही मिटली.

पुढच्या सुटीला, तेलाला शिवायचं नाही असं बजावून, बाईंनी सगळ्यांना पुन्हा आणलं. सात जणींना काहीच झालं नाही. पाच जणी हाय हाय करू लागल्या, आणि त्यांत सर्वांत आधी भागीरथाबाई. हात लालभडक!

मैत्रिणींनी तोंडाला पदर लावला. तीस वर्षांचा तोरा सगळ्यांदेखत उतरला होता. प्रणालीचा पेन थबकला.

"पाहून काय राहिली?" बाई ठसक्यात म्हणाल्या. "लिही, भागीरथाचा हात जळते."

"नाव नसते वं आई त्यात, नुसता नंबर राहते."

नाव आलं ते प्रबंधाच्या अर्पणपत्रिकेत: 'आई भागीरथाच्या हातांना, जे जळतात.'

आता आवारात नवी बाई रडली की भागीरथाबाई तेलाची बाटली तिच्यापुढे सरकवतात. "माया हात बी जळते," त्या अभिमानाने सांगतात, "पुस्तकात छापलं हाय."