सुषमाताई आणि बोन्सायची बाग

माझी जाऊ गेली.

ऑफिसला रजेसाठी फोन केला तर मॅडमनी विचारलं, "जवळच्या होत्या का?"

मी हो म्हटलं.

सुषमाताई माझ्या मोठ्या जाऊ. डोंबिवलीत एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्या तिसऱ्या.

काल सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. तेव्हापासून मी कामंच करतेय. चहा केला. चटया घातल्या. त्यांच्या बाल्कनीतले वाळलेले कपडे काढून घड्या केल्या.

रडू येत नाहीये. लोक माझ्याकडे बघतात आणि मग दुसरीकडे बघतात.

एकच दिवस सारखा आठवतोय.

गेल्या थंडीत आमच्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, पुण्याला. दादा, म्हणजे माझे मोठे दीर, आणि माझे मिस्टर संध्याकाळी येणार होते. आम्ही दोघी मदतीला म्हणून सकाळीच निघालो. शीळफाट्याला ट्रॅफिक लागेल म्हणून फारच लवकर निघालेलो. ट्रॅफिक लागलाच नाही.

पोचलो तर हॉलला कुलूप.

समोर एक बोर्ड दिसला. बोन्साय गार्डन आणि म्युझियम.

झाडांची आवड वगैरे आम्हाला दोघींनाही नाही. ऊन होतं, आत सावली असेल आणि बाथरूम असेल, एवढाच विचार. तिकीट काढून शिरलो.

आत कोणीच नव्हतं. कट्ट्यांवर नुसत्या कुंड्या. पसरट ताटलीएवढ्या कुंडीत वड, पारंब्यांसकट.

ताई म्हणाल्या, हाच घरी नेऊ, वटपौर्णिमेला खाली उतरायला नको. मी इतकी हसले की पाणी घालणाऱ्या बाईंनी वळून पाहिलं.

पुढे एक चिंच होती. झाड हातभर, पण चिंचा खऱ्या, नेहमीएवढ्या. ताई तिच्यासमोरच्या बाकावर टेकल्या. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

"नीता, बस जरा."

मी बसले.

"परवा रिपोर्ट आला माझा. पोटात गाठ आहे. लिव्हरपर्यंत गेलंय."

त्या चिंचेकडेच बघत बोलत होत्या. सगळ्या टेस्ट एकटीनेच करून आलेल्या. घरी सांगायच्या, भिशीला चाललेय.

दादांना माहितीये का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. उद्या घरी गेल्यावर सांगणार. आज कळलं तर ते इथे येणारच नाहीत, आणि पोरीचा दिवस खराब होईल. शिवाय त्यांना मोरपंखी साडी नेसायची होती. फोटोत नीट दिसायचं होतं.

मला राग आला. खरंच आला.

"मग मला कशाला सांगितलंत?"

"एकटीला जड होत होतं गं."



मग त्याच उठल्या. म्हणाल्या, तिकीट काढलंय, पूर्ण बघून जाऊ. परत सगळीकडे फिरल्या. प्रत्येक झाडाची पाटी मोठ्याने वाचत होत्या. हे चाळीस वर्षांचं, हे साठ वर्षांचं. मी मागून चालत होते. मला एकही झाड दिसलं नाही.

संध्याकाळच्या फोटोत ताई इतक्या छान दिसतायत. आजारी मी दिसतेय. नणंदेने दोनदा विचारलं, वहिनी, बरं नाही का?

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी दादांना सांगितलं. दादा खाली आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"तुला कालच माहीत होतं?"

मी मानेनेच हो म्हटलं. ते वर निघून गेले.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. केमोच्या वेळी आम्ही पलंगाच्या दोन बाजूंना बसायचो. दादा ताईंना सांगायचे, तिला सांग, उद्या डबा नको. ताई डोळे मिटून म्हणायच्या, मी पोस्टमन नाहीये.

शेवटी शेवटी तर तेवढंही बोलायची ताकद राहिली नाही.

आज दुपारी भेटायला आलेली माणसं पांगली. मी ताईंचा ओटा पुसत होते. दादा आले, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

"नीता, पुण्याला त्या बागेत गेलेलात ना दोघी. काय काय झालं ते सांग मला. पहिल्यापासून."

मी सांगितलं. कुलूप, बोर्ड, वड, चिंच, सगळं. त्या जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत.

"एकटीला जड होत होतं" इथे आल्यावर मी थांबले. दादा खाली बघत होते.

"मग?"

मग परत सगळी बाग फिरल्या, मी म्हटलं. पाट्या वाचत.

मी पाणी दिलं, ते दादांनी घेतलं नाही.

मग म्हणाले, "परत एकदा सांग."

मी स्टुलाशेजारी खालीच बसले, आणि परत सांगितलं.

आमच्या सुषमाताईंना नमस्कार.

आज एवढंच लिहिता येतंय.