अण्णांच्या शेजारची ती बाई

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आई मी पाच वर्षांची असल्यापासून सांगायची. मी कशाला ऐकतेय! पण गेल्या महिन्यात काचीगुड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी जे दिवे लावले, त्यानंतर मात्र आईचं ऐकायला हवं होतं असं रोज वाटतं. सांगायचीसुद्धा लाज वाटते हो. पण दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. चहा घ्या. आणि हसू आलं तर कप खाली ठेवून हसा, सोफ्याची कव्हरं कालच धुतलीत.

तर झालं असं. टीव्हीवर एक मराठी चॅनेल आहे. त्यावर शनिवारी सकाळी जुनं गाजलेलं नाटक दाखवतात, आणि तेच रविवारी दुपारी पुन्हा. टीव्हीसाठी म्हणून मुद्दाम बसवून घेतलेली चाळीसेक वर्षांपूर्वीची नाटकं, पण थिएटरात, समोर खरेखुरे प्रेक्षक बसवून. मोठा विनोद झाला की कॅमेरा त्या हसणाऱ्या माणसांवर फिरतो. हैदराबादेत मराठी नाटक येतं वर्षा-दोन वर्षांतून एकदा. म्हणून रविवारी आमच्या मोठ्या टीव्हीसमोर आम्ही बिल्डिंगमधल्या बायका जमतो. जाहिराती लागल्या की आमचं मध्यंतर. चहा, चिवडा आणि थोडी निंदा.

त्या शनिवारी मी एकटीच गवार मोडत नाटक बघत होते. दुसऱ्या अंकात नायक बायकोच्या भीतीनं कपाटात लपतो आणि चुकून तिचीच साडी नेसून बाहेर येतो. प्रेक्षागृहात नुसता धुमाकूळ! कॅमेरा फिरला तिसऱ्या रांगेवर, आणि बघते तर काय? अण्णा!

अण्णा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या कमलकाकूंचे यजमान. रेल्वेत होते. दोन वर्षांपूर्वी गेले बिचारे. पडद्यावर केस काळे, मिशा जाड, पण हसणं तेच! दोन्ही हात मांडीवर आपटायचे आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकायचं. असं हसणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत दुसरा नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण शेजारी एक बाई होती.

सडपातळ, लांब वेणी, त्यात गजरा. आणि ब्लाऊज? स्लीव्हलेस! हसता हसता तिनं अण्णांचा दंड धरला काय, आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसले काय! मी गवारीचा देठ ताटात टाकायचा सोडून तोंडातच घातला.

आता तुम्ही म्हणाल, ती कमलकाकूच कशावरून नसेल? अहो, तुम्ही काकूंना बघितलं नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, नांदेडकडच्या जुन्या घरातल्या. दोन्ही खांद्यांवरून पदर. बावीस वर्षांत मी त्यांचा कोपरसुद्धा बघितलेला नाही! आणि अण्णा रेल्वेतले, पुण्या-मुंबईला सारखी ड्युटी. झालं. माझ्या डोक्यात दोन आणि दोन बावीस झाले.

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "थिएटरात शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी बसणारच."

"अहो, कुणीतरी डोळे पुसतं का?"

"तू जरा गप्प बसशील का?"

बसले ना! चांगली दहा मिनिटं बसले. मग शोभाकडे गेले. शोभा म्हणजे पुण्याहून मुलाच्या नोकरीमागे इथे आलेली, वरच्या मजल्यावरची. म्हटलं, "कुणाला बोलायचं नाही हं." ती म्हणाली, "छे गं!" संध्याकाळी लिफ्टमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमधली पद्मा भेटली. तेलुगू, पण आम्हा मराठी बायकांपेक्षा मराठी नाटकांची जास्त नादी. डोळे एवढे मोठे करून म्हणाली, "अय्यो सुनंदा, अण्णागारू ऐसे थे क्या?"

मी कपाळाला हात लावला. पण खोटं कशाला बोलू, मनातून जरा बरंही वाटलं. एवढी मोठी बातमी एकटीनं किती वेळ सांभाळायची?

घरी येऊन टेकते, तेवढ्यात काकूच वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "सुनंदा, उद्याचं नाटक तुझ्याकडं बघायला येऊ का गं? आमच्या टीव्हीत माणसं मुंग्यांएवढी दिसतात."

काकू रविवारच्या बैठकीला फारशा यायच्या नाहीत, आणि उद्या नेमकं हेच नाटक!

"काकू, अगदीच टुकार नाटक आहे."

"असू दे."

"आणि आमचा टीव्ही जरा बिघडलाय."

"सकाळी तर आवाज येऊ लागला होता की!"

या म्हटलं.

मग आमची बैठक बसली. मी, शोभा, पद्मा आणि आणखी चार-पाच जणी, ज्यांना कुणालाही मी काही सांगितलं नव्हतं आणि ज्यांना सगळं ठाऊक होतं. काकूंचं काळीज फाटू द्यायचं नाही, असं ठरलं. कपाटातून साडी बाहेर आली की शोभानं काकूंना बोलण्यात गुंतवायचं, पद्मानं बाहेरून बेल वाजवायची, आणि मी चहाचा ट्रे घेऊन टीव्हीसमोर उभं राहायचं. बाईमाणसाच्या सुखासाठी केवढी ही धडपड! मला माझंच कौतुक वाटायला लागलं होतं.

रविवारी काकू अर्धा तास आधीच हजर. ठेवणीतली नारायणपेठी साडी, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा.

"हे काय आज?"

"असंच," म्हणाल्या आणि चक्क लाजल्या.

इथे तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता की नाही? नाही पडला. काकूंनी प्लास्टिकची खुर्ची ओढत ओढत टीव्हीच्या पुढ्यात नेली. चष्मा तीनदा पुसला.

दुसरा अंक. नायक कपाटात शिरला. मी शोभाला डोळा मारला.

"काकू, लाडवांत रवा किती घातला हो?"

"थांब गं जरा."

"पण बेसन तुपात भाजलंत की..."

"शोभा, गप!"

बाहेर बेल वाजली. काकू ढिम्म. बेल पुन्हा वाजली. पुन्हा वाजली. पद्माला वाजव म्हणून सांगितलं होतं, थांब म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं. साडी नेसलेला नायक बाहेर आला, आणि मी ट्रे घेऊन टीव्हीसमोर उभी राहिले.

"सुनंदा, सरक!"

"चहा काकू, गरम गरम."

"नको चहा! सरक गं माय!"

काकू डावीकडे वाकल्या, मी डावीकडे. काकू उजवीकडे, मी उजवीकडे. नुसती कबड्डी! माझ्या पाठीमागे सगळं थिएटर हसत होतं. काकू खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी माझा हात धरून मला बाजूला ओढलं. आता काय करू? मला एकच सुचलं. डोळे पांढरे केले, "आई गं" म्हटलं आणि धाडकन खाली बसले.

ट्रे गेला टीव्हीच्या टेबलावर. सात कप चहा सेट-टॉप बॉक्सच्या पोटात. फट्‌ असा आवाज झाला आणि पडदा काळा.

खरं सांगते, डोळे मिटून पडल्या पडल्या मी मनात म्हटलं, वाचवलं बाई हिला!

आणि काकू काय करत होत्या? माझं डोकं मांडीवर घेऊन पेपरानं वारा घालत होत्या. "शोभा, कांदा आण! फोडून आण!" फोडलेला कांदा नाकाशी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेवढ्यात पद्मा आत आली आणि मोठ्यानं म्हणाली, "हो गया क्या? काकी कुछ देखी नै ना?"

काकूंनी वर बघितलं. "मी काय बघायचं नव्हतं?"

"माझं... माझं पडणं," मी कण्हत म्हटलं. "तुम्हाला धक्का बसेल म्हणून."

"अगं, त्या काळ्या पडद्याचा जास्त बसला." काकू हसल्या, पण हसू काही टिकलं नाही. माझे तळहात चोळत हळूच म्हणाल्या, "जाऊ दे. तू बरी आहेस ना, मग झालं. आत्ता आमचे हे दिसणार होते गं."

"क... कोण?"

"अण्णा. आणि शेजारी मी. पुतण्यानं काल पुण्याहून फोन केला, काकू, तुम्ही दोघं टीव्हीवर दिसलात म्हणून. तेव्हा रेल्वेच्या पासावर गेलो होतो नणंदेकडं. नाटकाला निघताना तिनं मला बळंच स्वतःचा बिनबाह्यांचा ब्लाऊज घातला होता. मी पदर गच्च धरून बसले होते, पण त्या नाटकानं इतकं हसवलं की पदराचं भानच राहिलं नाही."

मी कांदा बाजूला सारून उठून बसले.

"काल सांगितलं का नाहीत काकू?"

"आधी गाजावाजा करावा आणि दिसलोच नाही तर? हसाल सगळ्या." मग डोळ्यांना पदर लावला. "फोटो आहेत गं घरात. पण फोटोत हे हसत नाहीत. वाटलं, एकदा हसताना बघावं."

धरणी पोटात घेईल तर बरं म्हणतात ना? काचीगुड्यात धरणी कुठून आणू? खाली काकूंचाच फ्लॅट! एकेकीला घरची आठवण झाली. हिचा कुकर लावलेला होता, तिचं पाणी यायचं होतं. दोन मिनिटांत खोली रिकामी. राहिलो आम्ही दोघी आणि तो कांदा.

पुढचा आठवडा कसा गेला विचारू नका. मी काकूंचा नवरा त्यांच्यापासून हिरावला, आणि काकू? सकाळ-संध्याकाळ माझ्यासाठी पेज घेऊन वर! "खा गं. रक्त तपासलंस का?" दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुलूप लागलं, तेही नेमकं तेव्हा! हे रोज विचारायचे, "आज कोणाला वाचवायचंय?"

माझा मुलगा निनाद गच्चीबावलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला फोनवर रडून सांगितलं, काहीही कर, ते नाटक शोध. त्यानं शोधलं. चॅनेलच्या अ‍ॅपवर होतं. पुढच्या रविवारी येऊन त्यानं मोबाइल टीव्हीला जोडला. मी बोलावलं होतं फक्त काकूंना, त्या पुन्हा लाडवांचा डबा घेऊन आल्या, पण बाकीच्याही सगळ्या आल्या. त्यांच्याही जिवाला घोर होताच की.

कपाट उघडलं, साडी बाहेर आली, आणि अण्णा हसले. मोठ्या पडद्यावर, दोन्ही हात मांडीवर आपटून. काकूंनी पुढे होऊन टीव्हीच्या काचेला हात लावला. "पुन्हा लाव रे," म्हणाल्या. निनादनं पुन्हा लावलं. सात वेळा लावलं. आम्ही सगळ्या रडत होतो, पद्मा सगळ्यांत मोठ्यानं. आठव्यांदा निनादनं चित्र थांबवलं. अण्णा, काकू, गजरा, सगळं पडद्यावर स्थिर.

काकूंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"सुनंदा, तू त्या शनिवारी हे नाटक बघितलं होतंस ना?"

"हो."

"मग अण्णा दिसले असतील तुला."

"...हो."

"आणि मी?"

"मी... ओळखलं नाही काकू."

"मग तुला वाटलं तरी कोण?"

शोभा पंख्याकडे बघायला लागली. पद्मानं लाडू अख्खाच तोंडात घातला. निनादनं हळूच मोबाइल खिशात टाकला, तर चित्र तसंच पडद्यावर, मेलं जाईना! मी सगळं सांगितलं. गवारीपासून कांद्यापर्यंत.

काकूंनी पडद्यावरच्या अण्णांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माझ्याबद्दल काही वाटलं असतं तर चाललं असतं गं. पण अण्णांबद्दल? ह्या तुझ्या पोराला सायकल शिकवताना गुडघे फोडून घेतले होते त्यांनी."

मी त्यांचे पाय धरले. या वेळचं खाली बसणं खरं होतं. निनाद माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, त्यापेक्षा त्यानं दोन शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

"ऊठ," काकू म्हणाल्या. "एक सांग. ती बाई दिसायला कशी वाटली तुला?"

"देखणी हो काकू! अगदी देखणी!"

"बरं," म्हणाल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबत डब्यातला लाडू माझ्या हातावर ठेवला.

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! परवा काकूंकडे परभणीहून पाहुणे आले होते. दहा-बारा माणसं. मी चहा द्यायला गेले, तर काकूंनी मला खांद्याला धरून मधोमध उभं केलं आणि ओळख करून दिली, "ही वरच्या मजल्यावरची सुनंदा. आमच्या अण्णांनी पन्नास वर्षं संसार केला, पण कधी वाकडं पाऊल टाकलं नाही. ते गेल्यावर हिनं टाकायला लावलं!"